रूटवाली अंतरं कॅल्क्युलेटरशिवाय लहान-मोठी कशी लावायची?

तिरपी_रेघ

नमस्कार मंडळी, प्रश्न भूमितीतला आहे पण अडचण सगळी वर्गमुळांची आहे. काही अंतरं दिलीयत, ती चढत्या क्रमाने लावायचीयत, कॅल्क्युलेटर चालणार नाही आणि नुसता क्रम लिहून भागणार नाही, तो का बरोबर आहे हेही दाखवायचंय. अंतरं ही:

५√२, ७, ३√५, ४√३, २√११

आत्तापर्यंत मी दशांशात अंदाज काढून लावत आले. √२ म्हणजे १.४१, √३ म्हणजे १.७३, √५ म्हणजे २.२४ एवढं पाठ आहे, त्यामुळे चार अंतरांचं जमतं, √११ पाठ नाही तिथे अडतं, मग ३.३ धरू की ३.३२ धरू असं चालू होतं. आणि खरं सांगायचं तर जे जमतं त्याचाही भरवसा वाटत नाही, कारण १.४१ हा आकडा मुळातच थोडा कापलेला आहे, त्याला ५ ने गुणलं की राहिलेली तूट पण ५ पट झाली ना, मग ७.०५ आलं म्हणून ते ७ पेक्षा मोठंच हे मी कशाच्या जोरावर म्हणायचं?

एकाने सांगितलं की सगळ्यांचे वर्ग कर आणि वर्ग लाव. करून बघितलं, छान वाटलं, पण मग हीच रीत −३√२ आणि −४ ला लावली तर वर्ग आले १८ आणि १६, म्हणजे −३√२ मोठं, आणि संख्यारेषेवर बघावं तर ते −४ च्या डावीकडे आहे, म्हणजे लहान. एका ठिकाणी चालणारी आणि दुसऱ्या ठिकाणी फसवणारी रीत वापरायला मन तयार होत नाही. ती कुठे चालते आणि का चालते हे नीट कळलं पाहिजे.

आणि शेवटचं, जे मला खरंच सुटत नाहीये. दोन रस्ते आहेत, प्रत्येकात दोन सरळ तुकडे. पहिल्याचे तुकडे √१० आणि √११, दुसऱ्याचे √५ आणि √१८. जवळचा कुठला? दोन दशांश स्थळांपर्यंत घेतलं तर ३.१६ + ३.३२ = ६.४८ आणि २.२४ + ४.२४ = ६.४८. दोन्ही सारखेच! सारखे असतील असं काही वाटत नाही, पण कसं सिद्ध करायचं?

---

करणीवाला

प्रश्न फार चांगला विचारलाय, विशेषतः −४ चं उदाहरण स्वतः शोधून काढलंत ते, कारण सगळं उत्तर तिथेच आहे.

आधी वर्ग का चालतो ते. दोन संख्या अ आणि ब घ्या. त्यांच्या वर्गांची वजाबाकी ब² − अ² = (ब − अ)(ब + अ). आता दोन्ही संख्या धन असतील तर (ब + अ) हा कंस धनच असणार, त्यामुळे डावीकडचं चिन्ह आणि (ब − अ) चं चिन्ह एकच. म्हणजे वर्गांत जो मोठा तोच मुळात मोठा, उलटंही तसंच. दोन्ही ऋण असतील तर (ब + अ) ऋण होतो आणि चिन्ह फिरतं, म्हणून तुमचं −३√२ आणि −४ उलटं आलं. एक धन एक ऋण असेल तर वर्ग करायची गरजच नाही, मोठा कोण ते दिसतंच. आणि अंतर कधी ऋण नसतं! त्यामुळे दोन अंतरांची तुलना करताना वर्ग करणं हे कायम सुरक्षित आहे, तिथे मन घट्ट करायचं कारण नाही. चित्रात बघायचं तर त्या लांबीच्या बाजूवर चौरस काढा, बाजू मोठी तर चौरस मोठा, दुसरं काही होऊच शकत नाही.

आता तुमची पाच अंतरं. बाहेरचा सहगुणक आत घ्यायचा, आत जाताना त्याचा वर्ग होतो:

५√२ = √(२५ × २) = √५०
७ = √४९
३√५ = √(९ × ५) = √४५
४√३ = √(१६ × ३) = √४८
२√११ = √(४ × ११) = √४४

म्हणून २√११ < ३√५ < ४√३ < ७ < ५√२. संपलं. कुठेही अंदाज नाही, कापाकापी नाही, ४४, ४५, ४८, ४९, ५० या पूर्ण संख्या आहेत आणि त्यांच्या क्रमाबद्दल वाद होऊ शकत नाही. √११ किती हे कळावंच लागलं नाही हे लक्षात घ्या. मला या रीतीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते यासाठी, की ज्याची किंमत पूर्ण लिहिताच येत नाही अशा संख्येबद्दल आपण शंभर टक्के खात्रीचं वाक्य बोलतो.

बरेच जण इथे दोन पद्धतीने घसरतात. एक तर रूटच्या आतला आकडा बघूनच क्रम लावतात, २, ३, ५, ११, म्हणजे ५√२ सगळ्यात लहान, जे प्रत्यक्षात सगळ्यात मोठं आहे. किंवा सहगुणक आत घेताना वर्ग करायचा विसरतात आणि ५√२ चं √१० करून टाकतात. प्रश्न बिंदूंच्या निर्देशकांवरून आला असेल तर अजून सोपं, अंतराच्या सूत्रात रूटच्या आत जे येतं तिथेच थांबायचं. आरंभबिंदूपासून (३, ६) चं अंतर काढताना ९ + ३६ = ४५ आलं की बास, ३√५ असं सोपं रूप द्यायची घाई करू नका, कारण तुलनेला परत ते आतच ढकलायचंय.

दुसऱ्या भागाचं कुणीतरी सविस्तर लिहा, मी वाचतोय.

---

शून्यापुढे

दुसरा भाग मी घेतो, माझ्या फार आवडीचं उदाहरण आहे.

दोन्ही बेरजा धन आहेत म्हणून वर्ग करायला हरकत नाही, फक्त बेरजेचा वर्ग करताना मधलं पद विसरायचं नाही. बघा.

(√१० + √११)² = १० + ११ + २√११० = २१ + २√११०
(√५ + √१८)² = ५ + १८ + २√९० = २३ + २√९०

अजून रूट शिल्लक आहेत पण आता बाजूला एकेकच आहे. दोन्हीकडून २१ काढा आणि २ ने भागा. प्रश्न उरतो √११० मोठं की १ + √९० मोठं. दोन्ही धन, परत वर्ग: डावीकडे ११०, उजवीकडे १ + ९० + २√९० = ९१ + २√९०. ९१ दोन्हीकडून काढा, प्रश्न उरला १९ मोठे की २√९०. अजून एकदा वर्ग: ३६१ आणि ३६०.

३६१ > ३६०, म्हणून १९ > २√९०, म्हणून उलट चढत गेलं की √१० + √११ > √५ + √१८. दुसरा रस्ता जवळचा. फरक म्हणाल तर साधारण ०.०००१९, आणि तो सगळा फरक शेवटी त्या ३६१ आणि ३६० मधल्या एका एककात येऊन बसलेला आहे. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा कागद बाजूला ठेवून नुसतं बघत बसावंसं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

लिहिताना एक पथ्य पाळा. प्रत्येक पायरीवर "दोन्ही बाजू धन आहेत" हे लिहायचं आणि मगच वर्ग करायचा. इथे सगळ्या पायऱ्यांवर ते खरं होतं. पण कधी कधी पदं इकडून तिकडे नेल्यावर एक बाजू ऋण होते, समजा शेवटी "−३ मोठं की २√७" असं उरलं तर वर्ग करायचा नाही, तिथेच सांगायचं की ऋण संख्या लहान. तुम्ही दिलेली −४ वाली अडचण अंतरांमध्ये येत नाही पण अंतरांच्या बेरजा सोडवताना मध्येच अशी डोकावते.

जाता जाता, √११ लांबीचा तुकडा चौकटीच्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काढता येत नाही, कारण ११ हे दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेत बसत नाही (११ − १ = १०, ११ − ४ = ७, ११ − ९ = २, एकही पूर्ण वर्ग नाही). अवकाशात मात्र येतो, १ + १ + ९, म्हणजे १, १, ३ बाजूंच्या इष्टिकाचितीचा कर्ण. २√११ म्हणजे २, २, ६ ची आणि ४√३ म्हणजे ४ बाजूच्या घनाचा कर्ण. √७ मधले ७ तर तीन वर्गांतही बसत नाहीत, ४ + १ + १ + १ असे चार लागतात, आणि चारपेक्षा जास्त कुठल्याच पूर्ण संख्येला लागत नाहीत हे लाग्रांज या गणितज्ञाने १७७० साली सिद्ध केलंय.

---

तिरपी_रेघ

दोघांचेही मनापासून आभार, ३६१ आणि ३६० बघून खरंच अंगावर काटा आला. एक विचारते. मी आधी नुसते तुकड्यांचे वर्ग करून बेरीज केली होती, १० + ११ = २१ आणि ५ + १८ = २३, म्हणून पहिला रस्ता जवळचा असं वाटलं होतं. ते उलटं निघालं. म्हणजे एकेका अंतराला वर्ग चालतो पण बेरजेतल्या एकेका तुकड्याला नाही, असं धरायचं का? आणि ते "का" नाही याचं काही चित्र आहे का डोळ्यापुढे आणायला?

---

शून्यापुढे

हो, असंच धरायचं. वर्ग पूर्ण लांबीचा करायचा, तुकड्यांचा वेगवेगळा नाही. सोप्या आकड्यात बघा, एका रस्त्याचे तुकडे १ आणि ८, दुसऱ्याचे ५ आणि ५. लांब्या ९ आणि १०, म्हणजे पहिला जवळचा. वर्गांच्या बेरजा मात्र ६५ आणि ५०, चित्र पूर्ण उलटं. कारण वर्ग मोठ्या तुकड्याला फार जास्त महत्त्व देतो, ८ चा एकट्याचा वर्गच ६४ आहे.

चित्र हवं तर असं. (अ + ब) बाजूचा मोठा चौरस काढा, त्यात अ² आणि ब² हे दोन चौरस कोपऱ्यात बसतात आणि अ × ब चे दोन आयत उरतात. तुकड्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे फक्त ते दोन चौरस, आयत सोडूनच दिले. आता दोन तुकडे एकमेकांच्या जवळपास असतील तर आयत भरदार असतात, एक छोटा एक मोठा असेल तर आयत बारीक. √१० आणि √११ जवळजवळ सारखे, त्यांचे आयत मिळून २√११० म्हणजे सुमारे २०.९८. √५ आणि √१८ मध्ये बरंच अंतर, त्यांचे आयत मिळून २√९० म्हणजे सुमारे १८.९७. चौरसांत दुसऱ्याने २ ने आघाडी घेतली होती ती आयतांनी भरून काढली आणि वर अगदी थोडं उरलं.

---

वर्गातली_ताई

चर्चा वाचून खूप बरं वाटलं. दशांशाची बाजू मात्र मला घ्यावीशी वाटते, कारण वर्गात मुलं दशांश वापरतात आणि आपण त्यांना "ते चुकीचं" म्हणून मोकळे होतो, ते काही पटत नाही. दशांश चुकीचे नसतात, अंदाजे किंमत बरोबर किमतीसारखी वापरणं चुकीचं असतं. तिरपी_रेघ, तुम्ही विचारलंत ना की ७.०५ च्या जोरावर ५√२ हे ७ पेक्षा मोठं कसं म्हणायचं? म्हणता येतं! १.४१ चा वर्ग १.९८८१, तो २ पेक्षा कमी, म्हणजे √२ हे १.४१ पेक्षा नक्की जास्त, म्हणजे ५√२ हे ७.०५ पेक्षा नक्की जास्त. तूट ५ पट झाली तरी ती एकाच बाजूची तूट आहे, आपल्याला हव्या त्या बाजूची. ही पूर्ण सिद्धता झाली.

नियम एवढाच की मोठं ठरवायचंय त्याची खालची सीमा घ्यायची आणि लहान ठरवायचंय त्याची वरची. जवळच्या आकड्याला गोल करायचं नाही. तुमचं ३.१६ खालून आहे, ३.३२ वरून आहे, २.२४ वरून, ४.२४ खालून, अशी सरमिसळ झाली म्हणून ६.४८ आणि ६.४८ यातून काहीच निष्पन्न होईना.

आता त्याच दोन रस्त्यांना हे लावून बघा, चार दशांश स्थळं घेऊन. पहिल्याच्या खालच्या सीमा ३.१६२२ आणि ३.३१६६. तपासायला वर्ग करायचे, ३.१६२२² = ९.९९९५०८८४, दहापेक्षा कमी, ठीक. ३.३१६६² = १०.९९९८३५५६, अकरापेक्षा कमी, ठीक. बेरीज ६.४७८८. दुसऱ्याच्या वरच्या सीमा २.२३६१ आणि ४.२४२७. २.२३६१² = ५.०००१४३२१, पाचपेक्षा जास्त. ४.२४२७² = १८.०००५०३२९, अठरापेक्षा जास्त. बेरीज किती? परत ६.४७८८!

आणि तरीही सिद्धता पूर्ण आहे, कारण पहिला रस्ता ६.४७८८ पेक्षा नक्की मोठा आणि दुसरा ६.४७८८ पेक्षा नक्की लहान. तो आकडा दोघांच्या बरोबर मध्ये कुंपणासारखा उभा आहे. हातानेच चार गुणाकार केले, मान्य आहे की ३६१ आणि ३६० सारखी त्यात शोभा नाही, पण ही रीत पाच-सहा रूटांच्या बेरजेलाही तशीच्या तशी चालते आणि वर्ग करत बसणं तिथे चालत नाही. तीन रूटांच्या बेरजेचा वर्ग केला की तीन नवे रूट येतात, दोन्ही बाजूंना मिळून सहा, म्हणजे आधी होते तेवढेच, कमी काही होत नाहीत.

अजून एक, वजाबाकी आली तर. √७ − √५ मोठं की √५ − √३? इथे वर्ग करायला जाऊच नका. अनुबद्ध करणीने (तेच दोन रूट, फक्त मधलं चिन्ह उलटं) गुणा आणि भागा, √७ − √५ = २ ÷ (√७ + √५) आणि √५ − √३ = २ ÷ (√५ + √३). अंश सारखे, पहिल्याचा छेद मोठा, म्हणून पहिली वजाबाकी लहान. पुढे पुढे गेलं की वर्गमुळं एकमेकांच्या जवळ सरकत जातात ती याचमुळे. आणि वर्गमूळ आणि घनमूळ एकत्र आले, √२ आणि ३ चं घनमूळ असं काही, तर दोघांचा सहावा घात घ्यायचा, ८ आणि ९, घनमूळवालं मोठं.

मुलांना मी एक क्रम नेहमी लावायला देते, π, २२/७, √२ + √३, √१०. सगळेच ३.१४ ते ३.१७ च्या मधले, डोळ्याने ठरत नाही. वर्ग केले की ९.८६९६..., ९.८७७५..., ५ + २√६ म्हणजे ९.८९८९..., आणि १०, म्हणजे मी लिहिलाय तोच चढता क्रम. π साठी मात्र किंमत माहीत असावी लागते, तिथे वर्गाची जादू चालत नाही.

---

बिट_बाय_बिट

कोड लिहिणाऱ्यांसाठी यातलीच एक गोष्ट सांगतो, कारण रोजच्या रोज हा प्रकार बघतो. एका बिंदूपासून लाखभर बिंदू अंतराप्रमाणे सॉर्ट करायचे, म्हणजे क्रमाने लावायचे असतील तर लोक प्रत्येकाचं वर्गमूळ काढतात आणि मग सॉर्ट करतात. काढूच नका. दोन्ही निर्देशकांच्या फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, तीच सॉर्ट करा. क्रम तोच येतो हे वर करणीवाला यांनी दाखवलंच आहे. लोक म्हणतात वेळ वाचतो म्हणून करायचं, वेळ वाचतो हे खरं, पण माझ्या मते मोठं कारण वेगळंच आहे. निर्देशक पूर्णांक असतील तर वर्गांची बेरीज पूर्णांक असते, अगदी तंतोतंत, आणि वर्गमूळ काढलं की तुम्ही स्वतःहून ती अचूकता फेकून देता.

उदाहरण देतो. आरंभबिंदूपासून दोन बिंदू बघा, (६७१०८८६४, ०) आणि (६७१०८८६४, १). दुसरा लांब आहे हे शेंबडं पोरही सांगेल. ६७१०८८६४ म्हणजे २ चा २६वा घात, त्यामुळे अंतरांचे वर्ग आले ४५०३५९९६२७३७०४९६ आणि ४५०३५९९६२७३७०४९७. नेहमीच्या ६४ बिटांच्या डबलमध्ये (कॉम्प्युटरचा दशांश संख्या साठवायचा प्रकार) हे दोन्ही आकडे जसेच्या तसे मावतात, दोन्ही वेगळे दिसतात. आता वर्गमूळ काढा, दोन्हींचं उत्तर ६७१०८८६४ येतं, कारण खरा फरक १ भागिले २ चा २७वा घात याहूनही किंचित कमी आहे आणि त्या आकाराच्या संख्यांपाशी डबलची एक पायरी त्याच्या दुप्पट आहे. म्हणजे वर्गमूळ काढण्याआधी उत्तर हातात होतं आणि काढल्यावर गेलं. अशी सॉर्ट झालेली यादी बघून चूक सापडत नाही, कारण आकडे सगळे बरोबरच दिसतात.

वर्ग करताना दुसरीकडे सांभाळा, ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या ठरलेल्या जागेत न मावणं. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक साठवायचा प्रकार) सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७. दोन्ही दिशांचा फरक ३२७६७ पर्यंत असेल तर वर्गांची बेरीज २१४७३५२५७८, मावते. फरक ३२७६८ झाला की बेरीज २१४७४८३६४८, बरोबर एकाने बाहेर, आणि मग बऱ्याच ठिकाणी ती ऋण होऊन सगळ्यात लांबचा बिंदू यादीत पहिला येतो. त्यामुळे वर्ग करायच्या आधीच ६४ बिटांत न्या, केल्यानंतर नाही.

आणि ताईंचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. एकेका अंतराला वर्ग पुरतो पण रस्त्याची एकूण लांबी असेल तर वर्गमूळ काढावंच लागतं, आणि तिथे दोन रस्ते किती दशांशांपर्यंत सारखे दिसू शकतात हा प्रश्न खरोखर खोल आहे. पूर्णांकांच्या वर्गमुळांच्या दोन बेरजा दिल्या तर मोठी कुठली हे कायम झटपट ठरवता येईल अशी रीत अजून कुणाला सापडलेली नाही, आणि अशी रीत नाहीच हेही सिद्ध झालेलं नाही. गॅरी, ग्रॅहम आणि जॉन्सन या संशोधकांनी १९७६ साली प्रवासी विक्रेत्याच्या प्रश्नाबद्दल (सगळी शहरं फिरून परत यायची सगळ्यात छोटी फेरी कुठली) लिहिताना ही अडचण पुढे आणली. शहरं प्रतलावर बिंदू म्हणून दिलेली असतील तर कुणी फेरी आखून दिल्यावर तिची लांबी अमुक आकड्याच्या आत आहे का एवढं तपासणंसुद्धा या बेरजेपाशी येऊन अडतं. तिरपी_रेघ यांना दोन तुकड्यांच्या रस्त्यात जे जाणवलं त्याच अडचणीचं हे मोठं रूप आहे.

---

करणीवाला

वा, ३२७६८ चं माहीत नव्हतं, एकाने बाहेर जातं हे भारी आहे.

एक छोटी भर. बेरजेचे प्रश्न सोडवायला घेण्याआधी सगळे रूट सोप्या रूपात लिहून बघा, सजातीय करणी (आत एकच आकडा असलेले रूट) निघाल्या तर बेरीज एका रूटची होते आणि अर्धं काम कमी. √३ + √१२ हे दिसायला दोन रूट आहेत पण √१२ = २√३, म्हणून ते ३√३ म्हणजे √२७. म्हणजे एकट्या अंतराच्या तुलनेत सोपं रूप द्यायची घाई नको म्हणालो होतो, बेरजेत मात्र आधी तेच करायचं.

तिरपी_रेघ, √३ + √१२ मोठं की √६ + √७, करून बघता?

---

तिरपी_रेघ

करते. डावी बाजू √२७, वर्ग २७. उजवीचा वर्ग ६ + ७ + २√४२ = १३ + २√४२. दोन्ही बाजू धन. १३ काढले की १४ आणि २√४२, म्हणजे ७ आणि √४२, दोन्ही धन, वर्ग ४९ आणि ४२. डावी मोठी, √३ + √१२ > √६ + √७.

मग मी स्वतःच अजून एक बनवलं, √५ + √२० आणि √११ + √१२. पहिलं ३√५, वर्ग ४५. दुसऱ्याचा वर्ग २३ + २√१३२. २३ काढले, २२ आणि २√१३२, म्हणजे ११ आणि √१३२, वर्ग १२१ आणि १३२. या वेळी उजवी मोठी. इथे पण तुकड्यांचे वर्ग नुसते मिळवले असते तर २५ आणि २३ येऊन उलटं उत्तर आलं असतं. आणि दोन्हीकडे ताईंच्या सीमांनी तपासलं, एकच दशांश कुठेच पुरला नाही पण दोन पुरले, दुसऱ्याचं असं: २.२४ + ४.४८ = ६.७२ ही डावीची वरची सीमा, ३.३१ + ३.४६ = ६.७७ ही उजवीची खालची. जुळलं.

आता तीन-तीन तुकड्यांचे रस्ते घेऊन बसते, त्यांना सरळ सीमाच लावते.